छाट

फॉर्मवर एकच चौकट होती:
यापूर्वी कधी क्षयरोग झाला होता का?
मी ‘हो’वर टिचकी मारली
आणि मागे अम्माच्या हातातलं सूप खाली आपटलं.

एव्वलकू चेप्पकु, ती तेव्हा म्हणाली होती.
कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचं नाही.
तेव्हा मी नऊ वर्षांची, चौथीत.
एक दिवसाआड, शाळेच्या आधी, पाठीवर दप्तर,
महापालिकेच्या दवाखान्यात
इंगळगी सिस्टरसमोर मूठभर गोळ्या,
मग जीभ बाहेर काढून दाखवायची: गेल्या.
लघवी लाल व्हायची. मला वाटायचं
नाइनाच्या कारखान्यातला रंग माझ्यातनं वाहतोय.
शेजारच्या नरसव्वाला सांगितलं होतं, जंताचं औषध.
तेरा वर्षं आम्ही त्या जंतांवर काढली.

माझा ‘हो’ माझ्याआधी पुण्याला पोचला.
नाव? स्रवंती इराबत्ती. पासपोर्ट?
साखळी काढा, केस वर बांधा,
हनुवटी इथे, खांदे पुढे,
श्वास घ्या. धरा.
मी धरला. धरून ठेवणं मला जमतं.

उजवीकडे वर एक डाग दिसतोय, डॉक्टर म्हणाले,
जुना असावा.
असावा.
त्या एका शब्दापायी तीन सकाळी थुंकी द्यायची
आणि आठ आठवडे काचेत काही उगवतंय का, वाट बघायची.

पहिल्या दिवशी थुंकी आलीच नाही.
अशोक चौकामागे आमच्या गल्लीत
खोकला भिंतीतनं ऐकू येतो,
लूम थांबले की जास्तच.
आणि इथे मी, फी भरून,
वाफेतलं खारट पाणी ओढत, डबी हातात,
एका खोकल्यासाठी नर्सच्या तोंडाकडे बघतेय.
‘खोलातनं,’ ती म्हणाली. ‘घशातनं नको.’

विद्यापीठाचा मेल आला: वर्ग बावीस सप्टेंबरला सुरू.
मी उलट कळवलं, एक कागद यायचा बाकी आहे.
कागद. म्हणजे पुन्हा जंताचं औषध.

अम्मा रोजच्यासारखी पाला कातरत राहिली.
शनिवारी माल द्यायला गेली की
हजारातल्या साठ-सत्तर छाट निघतात:
ही सैल, ही जाड, हिचं तोंड उसवलंय.
छाटचे पैसे मिळत नाहीत, विड्याही परत मिळत नाहीत.
तिनं मला एवढंच विचारलं,
‘तुझा शनिवार कधी?’

एक्केचाळिसाव्या रात्री नाइनानं फिल्म मागितली.
टॉवेलच्या कारखान्यात तो माल तपासतो,
एकवीस वर्षं, खडू कानावर.
ट्यूबलाइटसमोर दोन्ही हातांनी ताणून धरली,
पन्हा धरतात तशी.
मग एक हात सुटला, अंगठा बरगड्यांवरनं वर गेला,
उजव्या कोपऱ्यात थांबला.
‘धागा तुटला होता. जोडलाय.’
आणखी जवळ नेली.
‘नीट जोडलाय.’
आणि सवयीनं, मी तिथे आहे हे विसरून,
‘असला पीस आम्ही सेकंडात टाकतो.’

बोलला आणि त्याला कळलं.
फिल्म पाकिटात सरकवायला लागला, ती आत जाईना,
कोपरा मुडपला, तो सरळ करत बसला.
मी पंख्याकडे बघत होते.

अम्मा सुपावरनं बोलली, आणि मराठीत,
जे ती फक्त कारखान्यातल्या मुकादमाशी बोलते,
भिंतीपलीकडे जाईल एवढ्या मोठ्यानं:
‘सेकंडचा टॉवेल अंग पुसत नाही का?
या घरात दुसरा टॉवेल आलाय कधी?
पोरीला टीबी झाला होता. बरा झाला.’

नरसव्वाचा लूम मध्येच थांबला.
अम्मानं पान उचललं, तंबाखू भरली, दोरा गुंडाळला,
पुढचं पान उचललं.

अजून पंधरा दिवस बाकी होते.